बोलका टॅब कपाटात का जातो?

विशेष शाळांमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडते. ज्या मुलाला तोंडाने बोलता येत नाही, त्याच्यासाठी कुणा देणगीदाराकडून टॅब येतो. त्यात चित्रांचं ॲप असतं. चित्रावर बोट ठेवलं की टॅब तो शब्द मोठ्याने म्हणतो. पहिले काही दिवस सगळा वर्ग भोवती जमतो. मूल 'पाणी' दाबतं, 'खाऊ' दाबतं, कधी एकच चित्र सतत दाबून सगळ्यांना हैराण करतं. मग हळूहळू टॅब कपाटात जातो आणि मुलाच्या नोंदवहीत 'उपकरणाला प्रतिसाद कमी' अशी ओळ पडते.

टॅब बिघडलेला नसतो. मुलाची समज कमी पडली, असं म्हणायलाही हाताशी काही पुरावा नसतो. मग अडतं कुठे? टॅब देताना त्या मुलाशी टॅबवर बोलायचं कुणी आणि कसं, हे कुणाला शिकवलेलंच नसतं. अडतं ते तिथे. म्हणून हा लेख उपकरणांपेक्षा ती हाताळणाऱ्या शिक्षकांबद्दल जास्त आहे. उदाहरणासाठी शहर घेतलं आहे भिवंडी. यंत्रमागांचं, गोदामांचं आणि एकाच गल्लीत चार भाषा बोलणारं हे शहर या कामातली खरी कसोटी आहे.

आधी ऐकणं, मग बोलणं

साधारण वर्षभराचं होईपर्यंत बाळ एकही नीट शब्द बोलत नाही. तरी घरात कुणी त्याच्याशी बोलणं थांबवत नाही. आंघोळ घालताना, भरवताना, कडेवर घेऊन खिडकीतून कावळा दाखवताना शब्दांचा मारा चालूच असतो. बाळ ऐकतं, चेहरे बघतं, कोणत्या आवाजाने काय घडतं ते साठवतं आणि वर्षभराने एखादा शब्द परत देतं.

आता न बोलणाऱ्या मुलाचा विचार करा. मेंदूचा पक्षाघात, म्हणजे सेरेब्रल पाल्सी असलेल्या काही मुलांच्या जिभेचे आणि ओठांचे स्नायू मेंदूचं ऐकत नाहीत. स्वमग्न मुलांपैकी काहींना शब्द ऐकू येतात, कळतातही, पण बाहेर पडत नाहीत. अशा मुलाला आपण चित्रांनी बोलायला सांगतो. त्याच्याशी मात्र आजवर कुणीही चित्रांनी बोललेलं नसतं. जी भाषा त्याच्यापुढे कुणी बोललीच नाही, ती त्याने पहिल्या दिवसापासून बोलावी अशी अपेक्षा असते.

जेन कोर्स्टन या अमेरिकी वाक्-भाषातज्ज्ञ बाईंनी याचा एक हिशोब मांडला होता. दीड वर्षाच्या मुलाने तोवर जेवढी बोलली जाणारी भाषा ऐकलेली असते, तेवढी चित्रांची भाषा डोळ्यांपुढून जायला किती काळ लागेल? आठवड्यातून दोनदा, वीस-तीस मिनिटांची सत्रं धरली तर 84 वर्षं. हा आकडा प्रयोगातून आलेला नाही, तो ढोबळ हिशोब आहे. पण उपचार-सत्रांपुरता टॅब बाहेर काढण्यात काय अर्थ आहे, ते त्यातून लख्ख दिसतं.

भिवंडीत लूम चालवायला कुणी पुस्तकातून शिकत नाही. नवा कारागीर जुन्याच्या शेजारी उभा राहतो. धागा तुटला की लूम कशी थांबवायची, तुटलेलं टोक कसं शोधायचं, गाठ कशी मारायची, हे तो दिवसेंदिवस बघतो आणि मग त्याचे हात चालायला लागतात. संवादाच्या उपकरणावरही मुलाला शेजारी असा कुणीतरी जुना हात लागतो. वर्गात तो हात शिक्षकाचा असतो.

शिक्षकाचं बोट

शेजारी बसून करून दाखवण्याच्या या पद्धतीला शिक्षक 'मॉडेलिंग' म्हणतात. शिक्षक नेहमीसारखं तोंडाने बोलतो आणि बोलता बोलता वाक्यातल्या महत्त्वाच्या शब्दांवर मुलाच्या उपकरणावर बोट ठेवत जातो. मुलाने तसंच करून दाखवावं, अशी सक्ती नसते.

समजा, खाऊची सुट्टी आहे. डबा उघडला, आत पोळीचा लाडू. बाई म्हणतात, "अरे वा, लाडू! मला आवडतो," आणि टॅबवर 'मला', 'आवडतो' दाबतात. मूल एक घास खातं. बाई 'अजून' दाबून विचारतात, "अजून हवा?" आणि थांबतात. मूल बाईंकडे बघतं, टॅबकडे बघतं, हात उचलतं, हात भलत्याच चित्रावर पडतो: 'थांब'. इथे प्रशिक्षण नसलेला शिक्षक म्हणतो, "नाही, नाही, 'अजून' दाब," आणि मुलाचा हात धरून योग्य चित्रावर नेतो. प्रशिक्षित शिक्षक म्हणतो, "थांबू? बरं, थांबले," आणि डबा बाजूला ठेवतो. मूल चमकून बघतं. आपण दाबलं आणि काहीतरी घडलं! त्याला लाडू हवा असेल तर पुढच्या खेपेस ते वेगळं दाबेल. चुकून दाबलेल्या शब्दालाही अर्थ दिला, तरच शब्दांना अर्थ असतो हे मुलाला कळतं.

प्रशिक्षणात सगळ्यात अवघड जातं ते थांबणं. प्रश्न विचारून मनात दहापर्यंत आकडे मोजायचे, मध्ये बोलायचं नाही, प्रश्न पुन्हा विचारायचा नाही. चाळीस मुलांच्या वर्गाची सवय असलेल्या शिक्षकाला ही शांतता असह्य होते. पण ज्याचा हात इच्छेप्रमाणे उठायलाच पाच-सहा सेकंद लागतात, त्याला दोन सेकंदांत उत्तर मागणं म्हणजे उत्तर न मागण्यासारखंच आहे.

दुसरी सवय मोडावी लागते ती परीक्षा घेण्याची. "हत्ती दाखव. लाल रंग कुठाय? शाब्बास!" यात मूल काहीच सांगत नसतं, आपल्याला आधीच माहीत असलेलं उत्तर फक्त परत देत असतं. अमेरिकी संशोधक जॅनिस लाइट यांनी 1988मध्ये संवादाचे चार हेतू मांडले: गरज सांगणं, माहिती देणं, जवळीक साधणं आणि शिष्टाचार पाळणं. आपल्या वर्गांतला बहुतेक टॅब पहिल्यावरच अडकून पडतो. पाणी, शू, खाऊ. मैत्रिणीची चेष्टा करणं, काल घरी पाहुणे आले होते हे सांगणं, "कंटाळा आला" म्हणणं, यासाठी शब्दच भरलेले नसतात.

कोणते शब्द भरायचे?

चित्रांचा नवा तक्ता तयार करायला बसलं की हात आपोआप नामांकडे वळतो. सफरचंद, विमान, सिंह, फुगा. चित्रं सोपी मिळतात, रंगीत दिसतात. पण दिवसभरात आपण किती वेळा 'सिंह' म्हणतो? कोणत्याही भाषेत थोडेसेच शब्द बोलण्याचा मोठा भाग उचलतात. मराठीत ते असे: मी, तू, हे, ते, हवं, नको, दे, घे, अजून, थांब, चल, बघ, झालं, नाही, काय, कुठे, कोण, परत. तज्ज्ञ त्यांना गाभ्याचे शब्द म्हणतात. 'सिंह' फक्त प्राण्यांच्या पाठात कामाला येतो. 'नको' आंघोळीपासून गणितापर्यंत सगळीकडे चालतो.

गाभ्याच्या शब्दांची जागा एकदा ठरली की बदलायची नाही, हाही नियम. रोज तीच जागा असेल तर मूल चित्र शोधत बसत नाही, बोट थेट तिथे जातं. पानं 'छान दिसावीत' म्हणून दर महिन्याला मांडणी बदलणारा शिक्षक नकळत मुलाची कमाई पुसत असतो.

मराठीत एक अडचण जास्तीची आहे. इंग्रजी ॲपमध्ये मुलासाठी आणि मुलीसाठी क्रियापद एकच चालतं. इथे मुलगी 'मी जाते' म्हणते, मुलगा 'मी जातो' म्हणतो. नीट न भरलेलं उपकरण मुलीच्या तोंडी 'मी जातो' घालतं, तेही पुरुषी आवाजात, आणि वर्ग हसतो. एकदा असं हसं झालेली मुलगी पुन्हा टॅबला हात लावेलच असं नाही. म्हणून प्रत्येक मुलासाठी क्रियापदं आणि आवाज तपासून घेणं हा प्रशिक्षणाचा ठरलेला भाग हवा.

सुदैवाने सुरुवात शून्यापासून करायची नाही. आयआयटी मुंबईच्या आयडीसी स्कूल ऑफ डिझाइनमध्ये प्रा. रवी पूवय्या यांच्या गटाने 'जेलो' हे मोफत ॲप तयार केलं आणि ते मराठीतही आहे. त्याच्या पडद्यावर नऊ विभाग आहेत: भेटणं आणि भावना, रोजची कामं, खाणं, मजा, शिकणं, माणसं, ठिकाणं, वेळ-हवामान आणि मदत. दोन्ही कडांना सहा बटणं: आवडतं, आवडत नाही, हो, नाही, जास्त, कमी. आधी चित्र निवडायचं, मग कडेचं बटण दाबायचं, की पूर्ण वाक्य ऐकू येतं. याच्या आधी चेन्नईत अजित नारायणन यांनी 'आवाज' हे उपकरण घडवलं होतं. भारतीय भाषांचा विचार करून केलेल्या सुरुवातीच्या प्रयत्नांत ते मोडतं.

चौकट: टॅब नसेल तेव्हा
वीज गेली, चार्जिंग संपलं, टॅब दुरुस्तीला गेला, तर मुलाची भाषा बंद पडता कामा नये. उपकरणाच्या मुख्य पानाचं रंगीत छायाचित्र काढून लॅमिनेट करा. चित्रं त्याच जागी, त्याच क्रमाने. एक प्रत दप्तरात, एक घरी, एक मुलाच्या खुर्चीला बांधलेली. तक्ता स्वतः बोलत नाही, म्हणून मुलाने दाखवलेला शब्द समोरच्याने मोठ्याने म्हणायचा. पहिल्या दिवसापासून तक्त्यावर 'दुखतंय', 'हात लावू नकोस' आणि 'हवा तो शब्द इथे नाही' हे तीन असायलाच हवेत. यातले पहिले दोन मुलाच्या सुरक्षिततेचे आहेत.

बोट चालत नसेल तर?

मालिनी चिब यांचं नाव या संदर्भात यायलाच हवं. त्यांना जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. अशा मुलांसाठी शाळाच नव्हती, म्हणून त्यांच्या आई मिठू अलूर यांनी 1972मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया उभी केली. तीच आजची 'अडॅप्ट'. मालिनी पुढे सेंट झेवियर्समध्ये शिकल्या, लंडनमधून दोन पदव्युत्तर पदव्या घेतल्या आणि 'वन लिटल फिंगर' हे आत्मकथन एका बोटाने टंकून लिहिलं. अनोळखी माणसाला त्यांचं बोलणं समजायला कठीण जातं, म्हणून त्या 'लाइटरायटर' वापरतात. टंकलेलं वाक्य हे यंत्र मोठ्याने वाचतं. ते बनवणारे टोबी चर्चिल हे ब्रिटिश अभियंते आजारपणात स्वतःचीच वाचा गमावून बसले होते.

एक बोट खात्रीने चालतं, एवढं शोधून काढायलाही प्रशिक्षण लागतं. मूल खुर्चीतून घसरत असेल, पाय लोंबकळत असतील, तर त्याची सगळी ताकद तोल सांभाळण्यात जाते आणि हात थरथरतो. कंबर मागे टेकलेली, पाय पाटावर, टॅब तिरपा आणि नजरेच्या उंचीला. एवढ्यानेच कधीकधी 'न जमणारं' मूल जमवून दाखवतं. हात चालतच नसेल तर स्विच असतो. पडद्यावर चौकट एकेका चित्रावरून सरकत जाते आणि हव्या त्या ठिकाणी मूल डोक्याने किंवा गुडघ्याने एक मोठं बटण दाबतं. स्टीफन हॉकिंग शेवटची वर्षं गालाच्या एका स्नायूच्या हालचालीने असंच लिहीत.

आणि यातलं काहीच नसेल, तर शिक्षकाचा आवाज असतो. तो पर्याय वाचतो: "खेळ? खाऊ? दुखतंय? दुसरंच काही?" मूल 'हो' म्हणून वर बघतं. 'दुसरंच काही' हा पर्याय विसरला, तर मूल आपण दिलेल्या तीन गोष्टींत कायमचं कोंडलं जातं. या पद्धतीला एक पैसाही लागत नाही. प्रशिक्षणात ती पहिल्याच दिवशी शिकवायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

इथेच एक धोक्याचा कंदील. मुलाचा हात किंवा मनगट धरून त्याच्याकडून टंकलेखन करवण्याची एक पद्धत 1990च्या दशकात अमेरिकेत गाजली. मग चाचण्या झाल्या. मुलाला एक चित्र दाखवलं, मदतनिसाला दुसरं. दोघांनाही एकमेकांचं चित्र माहीत नव्हतं. टंकलं गेलं ते मदतनिसाच्या चित्राचं नाव! मदतनीस खोटेपणा करत नव्हते, आपण हात हलवतो आहोत हे त्यांना कळतही नव्हतं. अमेरिकेच्या वाक्-श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने 2018मध्ये या पद्धतीविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली. आपल्याकडच्या प्रेमळ शिक्षकांनी आणि आयांनी हे नीट ऐकावं. खुर्चीला आधार द्या, टॅबला आधार द्या, पण शब्द निवडणारा हात सोडा.

'मग तो बोलणारच नाही का?'

प्रत्येक पालक-सभेत हा प्रश्न येतो आणि तो अगदी रास्त आहे. टॅबची सवय लागली तर मूल आळशी होईल, तोंड उघडणारच नाही, अशी भीती. मिलर, लाइट आणि श्लोसर यांनी 2006मध्ये आधीच्या संशोधनांचा आढावा घेतला. त्यांतली पुरेशी काटेकोर नोंद असलेली 27 उदाहरणं त्यांनी वेगळी काढली. एकाही मुलाचं किंवा मोठ्या माणसाचं बोलणं कमी झालं नव्हतं. 11 टक्क्यांत फरक पडला नाही, 89 टक्क्यांत ते वाढलं. वाढ बहुतेकदा थोडीच होती, तेव्हा टॅबने वाचा येते असं आश्वासन शिक्षकाने देऊ नये. टॅबने वाचा जात नाही, एवढं मात्र तो निःशंकपणे सांगू शकतो.

भिवंडीत टॅबची भाषा कोणती?

पद्मानगरमध्ये तेलुगू बोलणारी पद्मशाली विणकर कुटुंबं, जुन्या गावठाणात कोकणी मुसलमानांची बोली, मोमीन घरांतली उर्दू, उत्तर प्रदेशातून लूमवर आलेल्यांची भोजपुरी-अवधी, आसपासच्या गावांत आगरी. अशा शहरात विशेष शिक्षक मराठी टॅब घेऊन वर्गात बसतो. मुलाला घरी जी भाषा कळते, ती टॅबवर नाही. मग 'प्रतिसाद कमी' दिसणारच!

पालकांना "घरी एकच भाषा बोला" असा सल्ला अजूनही सर्रास मिळतो. दोन भाषांमुळे अशा मुलांचं नुकसान होतं, याला संशोधनाचा आधार नाही. उलट, आजीची भाषा काढून घेतली तर मुलाशी बोलणारं एक माणूस कमी होतं. उपाय साधा आहे. ॲपची भाषा बदलता येते. चित्रांची जागा तीच ठेवायची, शाळेत मराठी आवाज, घरी उर्दू किंवा तेलुगू. ॲपमध्ये ती भाषा नसेल तर आईच्याच आवाजात शब्द ध्वनिमुद्रित करून भरता येतात. कागदी तक्त्यावर चित्राखाली दोन लिप्यांत लिहायचं. आगरी घरातल्या मुलाच्या टॅबवर पुस्तकी शब्दच हवेत, असाही कुठे नियम नाही. घरात जो शब्द चालतो तोच भरावा.

वर 'आईच्याच आवाजात' असं मुद्दाम म्हटलं. इथे बाप कधी दिवसपाळीला, कधी रातपाळीला असतो, आणि टॅबशी बोलायचं काम आई, आजी आणि मोठी बहीण करतात. त्यांना शाळेत बोलावून व्याख्यान देण्यापेक्षा शिक्षकाने घरी जाऊन, चहाच्या वेळी, दोन शब्द टॅबवर बोलून दाखवावेत.

प्रशिक्षण म्हणजे नेमकं काय?

विशेष शिक्षकाची पदवी आणि नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेच्या अखत्यारीत येते. परिषदेचा कायदा 1992चा आहे. अभ्यासक्रम एकेका अपंगत्वाच्या शाखेत विभागलेले आहेत: श्रवण, दृष्टी, बौद्धिक अक्षमता वगैरे. न बोलणारं मूल मात्र यांपैकी कोणत्याही शाखेच्या शिक्षकापुढे येऊन बसतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016च्या कलम 17मध्ये शिक्षकांना प्रशिक्षण देणं आणि वाचेला पूरक व पर्यायी संवाद-साधनांना उत्तेजन देणं, ही दोन्ही कामं सरकारवर सोपवली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 28 ऑक्टोबर 2021च्या निकालात प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. शिक्षक संख्येने वाढतील तेव्हा त्यांच्या हाताला हे कौशल्य असलं पाहिजे, म्हणून हा विषय आज तातडीचा आहे.

वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेसारख्या ठिकाणी ज्ञान आहे, अनुभव आहे. पण भिवंडीच्या शिक्षिकेला कल्याण किंवा ठाणे गाठून तिथवर जायचं, दिवसभर पडद्यावरच्या सरकत्या पानांकडे बघायचं आणि प्रमाणपत्र घेऊन परतायचं, एवढ्याने तिचं बोट टॅबवर चालू लागत नाही. हे अंगवळणी पडायचं कौशल्य आहे. आधी तज्ज्ञाला मुलासोबत काम करताना बघायचं, मग सहकाऱ्यावर सराव करायचा, मग स्वतःच्या वर्गात स्वतःच्या मुलासोबत पाच मिनिटं करायचं आणि मोबाइलवर त्याचं चित्रण करायचं. ते चित्रण तज्ज्ञाबरोबर बघताना तीन गोष्टी मोजायच्या: मी टॅबवर किती शब्द बोलले, किती वेळा खरोखर थांबले, आणि मुलाने आपणहून काय सांगितलं. पंधरा दिवसांनी पुन्हा. एकदाच भरणाऱ्या मोठ्या शिबिरापेक्षा अशा छोट्या फेऱ्यांवर पैसे खर्च व्हावेत. शाळेतली मदतनीस ताई आणि गाडीवरचे काका यांनाही त्यात बसवावं. मुलाच्या दिवसातला पहिला 'नमस्कार' गाडीतच होतो.

शिक्षक बदलतो तेव्हाही बरंच काही हातचं जातं. मंदी आली की लूम बंद पडतात आणि कुटुंबं गावी निघून जातात, कधी आझमगढकडे, कधी तेलंगणाकडे. मुलासोबत टॅब जातो, पण तो कसा वापरायचा हे पुढच्या शिक्षकाला ठाऊक नसतं. म्हणून प्रशिक्षणाच्या शेवटी प्रत्येक शिक्षकाकडून एक पान लिहून घ्यावं: हे मूल 'हो' आणि 'नाही' कसं दाखवतं, कोणत्या बाजूला बसल्यावर त्याला दिसतं, किती वेळ थांबावं लागतं, टॅबवरच्या शब्दांची प्रत कुठे साठवली आहे, सध्या कोणते शब्द ते स्वतःहून वापरतं आणि कोणते आपण अजून फक्त बोलून दाखवतो. हे पान हिंदीतही लिहावं, आणि त्याची घडी करून टॅबच्या कव्हरमध्ये ठेवावी.